उन्मादाची लक्षणे : द्विध्रुवी विकारातील वेळीच ओळख

उन्माद ही द्विध्रुवी विकारातील, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डरमधील, अतिउत्तेजित अवस्था होय. तीत मन असाधारण उल्हसित किंवा चिडखोर होते आणि कामाचा झपाटा वाढतो. ही स्थिती किमान आठवडाभर जवळजवळ रोज व दिवसाचा बहुतेक वेळ टिकली, किंवा त्याआधीच रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, तर उन्मादाचे निदान होते. किमान चार दिवस टिकणाऱ्या, पण व्यवहार गंभीरपणे न बिघडवणाऱ्या सौम्य रूपाला हायपोमेनिया म्हणतात. स्वतःच्या थोरपणाची अवास्तव कल्पना, झोपेची गरज कमी होणे, अखंड बोलणे, विचारांची धाव, लक्ष सतत विचलित होणे, हालचाली व बेत वाढणे आणि परिणामांची पर्वा न करता पैसा उधळणे किंवा धोका पत्करणे, अशी सात लक्षणे तपासली जातात. त्यांपैकी तीन, आणि मन केवळ चिडखोर असेल तर चार, आढळावी लागतात. निदानासाठी ही यादी योग्यच आहे. मात्र उन्माद वेळेत ओळखायचा असेल, तर चेहऱ्यावरच्या आनंदाआधी झोप आणि हालचालींतील बदलाकडे पाहणे अधिक भरवशाचे ठरते.

याचे पहिले कारण असे की आनंद सहज फसवतो. कित्येक आठवड्यांच्या नैराश्यानंतर माणूस हसू-बोलू लागला की घरच्यांना हायसे वाटते; त्या घडीला कोणालाही आजाराची शंका येत नाही. शिवाय पुष्कळ रुग्णांत उल्हास दिसतच नाही, दिसतो तो संताप. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत मनःस्थितीच्या जोडीने वाढलेली शक्ती व हालचाल हा अनिवार्य निकष केला, त्यामागे हाच अनुभव आहे. झोपेचे स्थान याहून खोल आहे. अपुरी झोप हे उन्मादाचे लक्षण असतेच, पण ते कारणही ठरू शकते, अशी मांडणी संशोधक टॉमस वेर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये केली. लक्षणे लवकर ओळखण्याचा उपयोग होतो, याला पुरावाही आहे. १९९९ मध्ये इंग्लंडमधील ६९ रुग्णांच्या एका चाचणीत काहींना स्वतःची पूर्वलक्षणे हेरून लगेच उपचार घ्यायला शिकवले गेले. त्या गटातील एक-चतुर्थांश रुग्णांना उन्मादाचा झटका पुन्हा येईपर्यंत ६५ आठवडे गेले. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात तेवढेच प्रमाण १७ आठवड्यांत गाठले गेले. नैराश्याच्या झटक्यांबाबत मात्र असा फरक दिसला नाही.

यावर आक्षेप घेतला जातो की जागरण तर सगळेच करतात; गणेशोत्सवात, परीक्षेच्या दिवसांत, घरात तान्हे मूल असताना. फरक जागरणानंतरच्या दिवसात कळतो. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो, संधी मिळताच झोप भरून काढतो. निद्रानाशाचा रुग्ण झोपेसाठी तळमळतो. उन्मादाकडे झुकणारी व्यक्ती दोन-तीन तासांच्या झोपेवर ताजीतवानी असते आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही. पहाटे तीनला ती स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून घासायला काढते, ते अर्धवट टाकून नव्या धंद्याचा हिशेब मांडते, ओळखीपाळखीच्यांना लांबलचक संदेश पाठवते. मोजमाप त्या व्यक्तीच्या नेहमीच्या स्वभावाशीच करायला हवे. मुळात बोलक्या माणसाचे बोलणे ही खूण नाही. मितभाषी माणूस कोणाला मध्ये बोलू देईनासा झाला, तर ती खूण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशाने घरचे पहारेकरी बनतील आणि रुग्णाचे प्रत्येक हसू संशयास्पद ठरेल. ही भीती रास्त आहे. पण उन्माद चढू लागला की आपण आजारी आहोत ही जाणीवच बहुधा ओसरते, त्यामुळे सगळा भार रुग्णावर टाकणेही अन्यायाचे. म्हणून पूर्वलक्षणांची यादी रुग्णाने स्वतः, बरे असताना, विश्वासातल्या माणसाबरोबर करावी आणि कोणती खूण दिसल्यावर काय करायचे हेही तेव्हाच ठरवावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने प्रौढ व्यक्तीला उपचारांविषयी आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. अशा संमतीने ठेवलेले लक्ष रुग्णाच्याच निर्णयाची अंमलबजावणी ठरते.

खूण दिसली म्हणजे निदान झाले, असे मात्र नाही. थायरॉइडचा अतिस्राव, स्टेरॉइड औषधे, मादक द्रव्ये यांनीही असेच चित्र दिसते; नैराश्यावरील औषधांनी काही रुग्णांत उन्माद उफाळतो. म्हणून औषधे मनाने बंद करू नयेत वा वाढवू नयेत. १९४९ मध्ये जॉन केड यांनी उन्मादावर परिणामकारक असल्याचे दाखवलेले लिथियम आजही वापरात आहे, पण त्याची रक्तातील पातळी तपासत राहावी लागते. भास, भ्रम, आत्महत्येचे विचार किंवा हिंसक वर्तन दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. एरवी, सलग दोन-तीन रात्री झोप घटूनही थकवा नसेल आणि बोलणे, बेत वा खर्च वाढला असेल, तर आठवडा पुरा होण्याची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना गाठावे. टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो. आठवड्याची अट निदानाची आहे, मदत मागण्याची नाही.