लोह आणि मत्स्यरोगाणू : एका शोधाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील तेरणा व सीना नद्यांच्या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढविले जातात. उन्हाळ्यात पाणी आटून मासे दाटले, की अशा माशांवर एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू बळावू शकतो. त्याला लोह हवे असते. परंतु माशाच्या रक्तातील लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले असते. हा पेच मत्स्यरोगाणू कसा सोडवितात, याचा उलगडा सागरी माशांच्या रोगातून झाला.

१८९३ मध्ये कानेस्त्रिनी यांनी वाम माशाच्या रोगाणूस ‘अंग्विला’ (वाम) या लॅटिन शब्दावरून नाव दिले. तोच पुढे व्हिब्रिओ अंग्विलारम म्हणून ओळखला गेला. त्याची मारकता एका प्लाझ्मिडवरील लोहसंपादन-व्यवस्थेशी निगडित आहे, हे १९८० मध्ये क्रोसा यांनी दाखविले. जिवाणू एक लहान रेणू बाहेर सोडतो आणि तो लोहासह परत आत घेतो. अशा रेणूंस ग्रीक शब्दांवरून ‘सिडेरोफोर’, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. १९८९ मध्ये एरोमोनासचा ‘अमोनाबॅक्टिन’ हा लोहवाहकही वर्णिला गेला. लोहाची ही वाट अडविणाऱ्या लसींचे संशोधन याच ज्ञानावर उभे आहे. अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील मच्छीमाराच्या दृष्टीने त्याचे मोल उघड आहे.