दातवण ते दंतजेल : हिरड्यांच्या दाहावरील उपचाराची कसोटी

सोलापूरच्या कोरडवाहू शिवारात बाभूळ व कडुनिंब मुबलक. दातवणासाठी दोन्हींच्या काड्या वापरल्या जात. सुश्रुतसंहितेत हिरड्यांतून रक्त येण्याच्या विकारास ‘शीताद’ ही संज्ञा असून दातवणासाठी निंब, खदिर, मधुक व करंज श्रेष्ठ मानले आहेत. मात्र गुण रसाचा की घासण्याचा, हा प्रश्न शिल्लक राहिला. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए व सहकाऱ्यांनी १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत हिरड्यांना दाह झाला. घासणे पुन्हा सुरू होताच, कोणत्याही वनस्पतीविना, तो ओसरला. म्हणूनच कडुनिंबयुक्त जेलची तुलना तशाच दिसणाऱ्या, परंतु निंबरहित जेलशी करणे अपरिहार्य ठरते. निंबाचा कडूपणा रुग्णापासून लपविणे मात्र सोपे नाही.