मोहिनीनंतरची कमलाबाई

‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी दादासाहेब फाळक्यांना बाई मिळाली नाही. वेश्यावस्तीतल्या स्त्रियांनीही नकार दिला आणि शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हा किस्सा आपण इतक्यांदा ऐकला आहे, की त्याच १९१३ सालच्या अखेरीस जे घडले ते त्याच्या आड गेले. फाळक्यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात पार्वतीचे काम दुर्गाबाई कामत यांनी केले आणि मोहिनीचे त्यांच्या मुलीने, कमलाने. कमला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. आधी शोधूनही न मिळालेली बाई आता कुठून मिळाली, हा प्रश्न मला पडला आणि तिथूनच मी या मायलेकींच्या मागे लागलो.

उत्तर फिरत्या नाटक मंडळीत सापडते. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन नाटकाच्या बिऱ्हाडात शिरल्या. कमला वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून रंगमंचावर होती. गृहस्थी समाजाने ज्या बाईला आधीच उंबऱ्याबाहेर ठेवले होते, तिला पडद्यावर जाऊन आणखी काय गमवायचे होते? हे पाऊल समाजसुधारणेच्या भाषणातून पडलेले नाही, ते पोटापाण्याच्या गरजेतून पडले. मला त्याचे मोल त्यामुळे कमी वाटत नाही, उलट जास्तच वाटते.

याच वर्षी बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडून सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. स्त्रीच्या रूपाचा आणि चालण्या-बोलण्याचा आदर्श तेव्हा महाराष्ट्र एका पुरुषाकडून घेत होता. मोहिनी म्हणजे तरी कोण? स्त्रीरूप घेतलेला विष्णू. म्हणजे स्त्रीपार्टी नटाला याहून चपखल भूमिका शोधून सापडली नसती. तीच नेमकी एका मुलीच्या वाट्याला आली. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही, त्यामुळे तिने ती कशी केली हे आपल्याला पाहता येत नाही.

त्यानंतर स्त्रियांसाठी दार सताड उघडले, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे पुन्हा साळुंक्यांनीच केली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, पण ती घरचीच पोर. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या, तेव्हा कुलीन घरातली स्त्री सिनेमात आली म्हणून गाजावाजा झाला. ते धाडस होतेच. पण ‘कुलीन’ या एका शब्दाने आधीच्या बायकांचा हिशेब पुसला गेला, असे मला वाटते.

कमलाबाई मात्र काम करतच राहिल्या. नट रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पंचविशीच्या आसपास वैधव्य आले आणि मुलांचा भार एकटीवर पडला. त्यांनी रंगभूमी सोडली नाही. पुढे पुरुषभूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीवर पुरुष लुगडे नेसून नायिका होत, तिथे ही बाई पुरुषवेष घालून संसार चालवत होती. लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले, चंद्रकांत नट झाले. नातू विक्रम गोखले यांनीही तोच वारसा चालवला.

पस्तीसच्या आसपास चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. १९८० च्या ‘गहराई’तही त्या दिसतात. म्हणजे मूकपटाच्या पहिल्या वर्षापासून रंगीत बोलपटापर्यंतचा सदुसष्ट वर्षांचा हा प्रवास. उतारवयात रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचा चेहरा आणि आवाज आपल्याकडे राहिला.

पहिली अभिनेत्री आई की मुलगी, यावर अजूनही वाद घातला जातो. मला तो निरर्थक वाटतो. दोघी एकाच चित्रपटात, एकाच बिऱ्हाडातून आल्या. ‘पहिली’ म्हणून कमलाबाईंचे नाव आपण एका ओळीत नोंदवतो आणि पुढे जातो. त्यापुढची साठ-सत्तर वर्षांची त्यांची चाकरी त्या ओळीत मावत नाही. इतिहास लिहायचा, तर तो तिथूनच सुरू करायला हवा.