जागल्या, पारधी आणि ठाणे

25 मे 2020 रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा एका गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. तेव्हापासून पोलीस आणि तुरुंग यांच्याविना समाज सुरक्षित राहू शकेल काय, हा प्रश्न जगभर ऐरणीवर आला. प्रश्न नवा नाही. अँजेला डेव्हिस यांनी तो 2003 सालीच ग्रंथरूपाने मांडला होता. आपल्यालाही तो परका नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते 1966 साली ओकलंडमध्ये जन्मलेल्या ब्लॅक पँथरचे. त्या संघटनेचे पहिले काम कोणते होते? हाती कायद्याचे पुस्तक घेऊन पोलिसांच्या गस्तीवर गस्त घालणे!

परंतु हा प्रश्न वऱ्हाडात आणला की त्याचे रूप पालटते. तिकडचे विचारवंत म्हणतात, सुरक्षितता पोलिसांकडून काढून समाजाकडे द्या. आमचा प्रतिप्रश्न असा, की कोणत्या समाजाकडे? ज्याला आपण गाव म्हणतो तो समाज गावकुसाच्या आत संपतो. बिनपोलिसांचे गाव ही आमच्यासाठी भविष्यातली कल्पना नसून भोगलेला भूतकाळ आहे. म्हणून आधी इतिहास तपासला पाहिजे.

एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांच्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. जुनी ग्रामरक्षणाची रीत त्यात नोंदलेली आहे. चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढायचा, माग शेजारच्या गावाच्या शिवेत पोचला की तो त्या गावाच्या हवाली करायचा आणि जिथे माग संपेल त्या गावाने भरपाईला जबाबदार राहायचे. आज ज्याला सामूहिक उत्तरदायित्व म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? कागदावर ही व्यवस्था देखणी दिसते. पण रात्रभर जागत कोण होते? घाटावर रामोशी, भिल्ल आणि येसकर महार. आमच्या वऱ्हाडात जागल्या आणि कामदार महार. गाव निजत असे, कारण महारवाडा जागा असे. या जागरणाचा मोबदला हक्क या भारदस्त नावाने मिळे. प्रत्यक्षात तो खळ्यावरचे मूठभर दाणे आणि दारोदारची शिळी भाकर असे.

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते या वेठीच्या मुळावरच घाव घालण्यासाठी. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. ते 1903 पासून मध्यप्रांताला जोडलेले होते. पण वेठ इलाख्याची हद्द जाणत नव्हती. माझे आजोबा दर्यापूर तालुक्यातील एका गावी जागल्याच्या पाळीवर असत. घरी सांगितले जाई ते असे, की कोणाच्या गंजीतून कापूस गेला तर पहिली झडती राखणदाराची आणि दुसरी पारध्याच्या पालाची. राखणारा आणि संशयित, दोघेही गावाबाहेरचेच! मालमत्ता तेवढी गावातली.

मग ठाणे आले. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी 1861 साली पोलीस कायदा केला आणि दहाच वर्षांनी, 1871 साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. 1911 साली त्याची कक्षा देशभर वाढली, 1924 साली तो पुन्हा एकत्र बांधला गेला. माणूस गुन्हा करतो म्हणून गुन्हेगार ठरतो, हे साऱ्या न्यायशास्त्राचे पहिले पाऊल. या कायद्याने ते उलटे टाकले. अमुक आईच्या पोटी जन्मला म्हणून गुन्हेगार! हे तत्त्व साहेबाला कोठे सापडले असेल? विलायतेतील दरिद्री वस्त्यांविषयीची भीती त्याच्याजवळ होतीच. पण जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ठरविणारी तयार व्यवस्था त्याला येथेच मिळाली. मनूचे काम त्याने हजेरीपटावर घेतले.

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम या भागांतील फासेपारधी या शिक्क्याखाली पिढ्यान्‌पिढ्या दबले. फास लावून तितर-लावे धरणारी ही जमात. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. आज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याची जागा घ्यायला सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात 1959 साली. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासाची शिकारही गुन्हा ठरविली. जमीन नाही, शिकार नाही, शाळेत जागा नाही. उरले ते दुसऱ्याच्या पिकाची राखण आणि त्याच पिकाच्या चोरीचा आळ.

आळाचा शेवट कोठे होतो, हे 2003 सालच्या एका दरोडा-खून प्रकरणाने दाखविले. भटक्या जमातीच्या सहा माणसांना 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई मिळाली. 16 वर्षांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? तुरुंगाच्या आतही जात सुटत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नियमावल्यांतील जातीवर कामे वाटणारे नियम घटनाबाह्य ठरविले, विमुक्तांना जन्मतः सराईत मानणारे उल्लेखही काढायला लावले. म्हणजे संविधान आल्यानंतर जवळपास 75 वर्षे झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे तुरुंगात जन्म ठरवीत होता. आणि आत असतात तरी कोण? 2022 अखेर देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते; म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा शाबीत व्हायचा होता.

तर मग ठाणे मोडून टाकावे काय? येथे आपल्या कार्यकर्त्यांनी घाई करू नये. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत जे घडले ते गावानेच घडविले होते. पोलीस वेळेवर आले नाहीत हा आपला आक्रोश होता. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीत निषेध करायला लोक रस्त्यावर आले तेव्हा पोलीस वेळेवर आले, गोळी चालली, एक तरुण गेला. हे दोन प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. दलिताला ठाण्याचा अनुभव दुहेरी आहे: हवे तेव्हा दार बंद, नको तेव्हा दारात. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपण झगडून मिळविला. तो गावाच्या मर्जीवर सोडून देणे म्हणजे आजोबांची काठी पुन्हा हाती घेणे होय.

गावावर सोपविण्याचे प्रयोग झालेच नाहीत असेही नाही. 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे तंटे चावडीवर मिटले तर गरिबाचा कोर्टाचा खर्च वाचतो, हे खरे. पण बक्षिसासाठी गाव शांत दाखवायचे ठरले की तक्रार करणाऱ्याचेच तोंड दाबले जाते. तंटा मिटणे आणि अन्याय मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातपंचायतींचेही तेच. ठाण्याच्या भीतीने त्या टिकल्या, पण त्यांच्या बहिष्काराने आणि दिव्यांनी सर्वांत जास्त भरडली ती बाई. म्हणूनच महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

आपली परंपरा तिसरी आहे. 1927 साली समता सैनिक दल उभे राहिले. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात त्याची परिषद भरली. हे सैनिक कोणाच्या गंजीचे राखणदार नव्हते. ते आपल्या सभांचे आणि आपल्या माणसांचे रक्षक होते. जागल्या आणि सैनिक यांच्यातला फरक काठीत नाही, तो काठी कोणाच्या आज्ञेने उचलली जाते यात आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. नाव ठेवले प्रश्नचिन्ह. ज्यांच्या नावापुढे आजवर पोलिसांचे प्रश्नचिन्ह होते, ती मुले आता समाजालाच प्रश्न विचारू लागली. 2019 साली समृद्धी महामार्गासाठी तिच्या इमारतींवर बुलडोझर चालला. चोरी टळावी म्हणून ठाणे बांधायला राज्याकडे पैसा असतो. चोरीचे कारणच संपविणारी शाळा मात्र रस्त्याच्या आड येते!

तेव्हा काम असे आहे. अटकेचा कागद आणि नातेवाइकांना कळविण्याचे बंधन 1996 च्या बसू निकालाने पोलिसांवर घातले आहे. तो निकाल प्रत्येक पालावर वाचून दाखवणारे तरुण हवेत. जामीन देणारी माणसे आणि फुकट लढणारे वकील तालुक्याला हवेत. पिकाच्या चोरीचा निवाडा करायला बसतील त्यांत पारध्याला आणि बाईला बरोबरीची जागा हवी. अत्याचाराच्या गुन्ह्यात मात्र तडजोड नको. आणि या सगळ्यांच्या तळाशी जमीन, शाळा, काम.

ठाण्याची गरज घोषणेने संपणार नाही. ज्या दिवशी वऱ्हाडातल्या गावाचा माग गावकुसाबाहेर न जाता आतल्या वाड्यापर्यंतही काढला जाईल, त्या दिवशी ती कमी होऊ लागेल. तोवर एका डोळ्याने ठाण्यावर आणि दुसऱ्याने गावावर नजर ठेवणे आपल्याला भाग आहे. जागण्याची सवय आपल्या रक्तात आहे. यापुढे ते जागणे आपल्यासाठी असावे.