परवान्याआधीची दहा वर्षे

भारतात नभोवाणी दीर्घकाळ शासनाच्याच हाती होती आणि १८८५ च्या तार कायद्यानुसार परवान्याविना प्रक्षेपण करता येत नसे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा या मक्तेदारीचा पाया हादरला. तरीही शैक्षणिक संस्थांना २००२ मध्ये आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्येच सामुदायिक रेडिओची, म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या अल्पशक्तीच्या केंद्राची, मुभा मिळाली.

तेलंगणातील जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था दलित, अल्पभूधारक स्त्रियांचे गावोगावचे गट, म्हणजेच 'संघम', बांधत होती. ज्वारी-तुरीचे देशी वाण, जिरायती शेती, आजारपण, सणवार आणि गाणी यांविषयीचे या स्त्रियांचे ज्ञान मुखोद्गत असल्याने त्यांना ध्वनीचे माध्यम जवळचे वाटले. युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ मध्ये माचनूर गावी ध्वनिमुद्रणाची सोय झाली, मात्र प्रक्षेपणाची परवानगी नव्हती. म्हणून स्थानिक तेलुगू बोलीत मुद्रित केलेल्या ध्वनिफिती संघमच्या बैठकांत लावल्या जात, बायका त्या ऐकून त्यांवर चर्चा करत आणि त्या चर्चेतूनच पुढचे विषय निघत.

जनरल नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा या दलित कुटुंबांतील दोन तरुणींची कारकीर्द याच काळात घडली. मुद्रण, संपादन आणि मुलाखत ही कौशल्ये त्यांनी प्रत्यक्ष कामातून आत्मसात केली. ज्यांच्या शेतावर जाऊन त्या बियाण्यांची माहिती ध्वनिमुद्रित करत, त्याच स्त्रिया त्यांच्या श्रोत्या आणि परीक्षकही असल्यामुळे समाजसेवा व प्रसारण ही कामे त्यांच्या बाबतीत कधी वेगळी झाली नाहीत.

परवाना मिळाल्यावर १५ ऑक्टोबर २००८ रोजी, आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिनी, संघम रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाला आणि त्याचे उद्घाटन १९९५ चा निकाल देणाऱ्या खंडपीठातील महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपणासाठी सायंकाळी ७ ते ९ ही वेळ ठरली, कारण शेतमजुरीवर जाणाऱ्या स्त्रिया तोवर घरी परतलेल्या असत.

सामुदायिक रेडिओचा इतिहास बहुधा निकाल, धोरणे आणि परवाने यांच्या तारखांनी सांगितला जातो. संघम रेडिओच्या बाबतीत मात्र शासनाची परवानगी आली तेव्हा निवेदिका, श्रोते आणि विषय ही सारी सामग्री सिद्ध होती, आणि ती दहा वर्षे विनाप्रक्षेपण टिकवून धरणाऱ्या या स्त्रियांनाच त्या केंद्राच्या संस्थापिका मानणे इतिहासदृष्ट्या न्याय्य ठरते.