अस्मानी, सुलतानी आणि ईश्वराची सत्ता

१/ १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा गोंदियाही होता. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ही संख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटलेली होती. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले होते. तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यात माणसे अन्नावाचून गेली.

२/ अशा आकड्यापुढे श्रद्धाळू मनाला एक प्रश्न पडतोच. ईश्वर सर्वसत्ताधीश आहे, ईश्वर दयाळू आहे आणि जगात निरपराधांवर दुःख कोसळते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील? ख्रिस्ती धर्मविचारातील हा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड पेच. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसांनी तो कसा मांडला आणि त्याच्याशी ते कसे झगडले, त्याचा हा धागा.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपातील धर्मचिंतक अनिष्टाचे दोन भाग करतात : भूकंप, रोग, अवर्षण यांसारखे निसर्गातून येणारे, आणि माणसाच्या दुष्कृत्यातून येणारे. आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी याच भेदासाठी दोन शब्द कधीचे रुळलेले आहेत : अस्मानी आणि सुलतानी. आभाळाने केलेला घात वेगळा, राज्यकर्त्याने केलेला वेगळा. हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम आहे.

४/ संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांचे उत्तर असे : अनिष्ट ही ईश्वराने घडवलेली वस्तू नव्हेच, तो चांगल्याचा अभाव आहे, आणि पाप उगवते ते माणसाला मिळालेल्या इच्छास्वातंत्र्याच्या गैरवापरातून. पापाच्या उगमाची ही कथा मराठीत विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाचे ‘पैलें पुराण’ जगाची उत्पत्ती, देवदूतांचे पतन आणि आदाम-एवेचे पाप सांगते.

५/ आपल्या भागात ख्रिस्ती विचार आला तो मुख्यतः स्कॉटलंडच्या वाटेने. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ च्या सुमारास नागपुरात काम सुरू केले. त्यांच्या फ्री चर्चचा आधार होता सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा. त्याचा आशय असा की, जे जे घडते ते ईश्वराने आधीच योजलेले असते, तरीही पापाचा कर्ता ईश्वर नव्हे. हे दोन्ही एकत्र कसे बसते, याची उकल मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेर ठेवलेली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना खुद्द हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले.

६/ या पेचावर सर्वांत धारदार बोट ठेवणारा मराठी माणूस मात्र काशीत होता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जन्म १८२५, चित्पावन घराण्यातील. १८३९ मध्ये जॉन म्यूर या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता मांडली. त्याला तिघा पंडितांनी संस्कृतातूनच उत्तरे दिली. त्यांतले अखेरचे आणि सर्वांत कसदार उत्तर म्हणजे गोऱ्ह्यांचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४-४५). ग्रंथकर्त्याचे वय तेव्हा अवघे वीस.

७/ त्यांच्या आक्षेपाचा गाभा साध्या शब्दांत असा : जीवाला एकच जन्म असेल, तर एक जण सुखात आणि दुसरा दैन्यात का जन्मतो? ज्याने अजून काहीच केले नाही अशा बालकाच्या वाट्याला दुःख का? आणि मोजक्या वर्षांच्या पापाला न संपणारा नरक देणारा ईश्वर न्यायी कसा? पूर्वकर्म मानले म्हणजे ईश्वरावर विषमतेचा ठपका येत नाही. ज्याचे भोग त्याने आधीच कमावलेले असतात.

८/ पुढे घडले ते अनपेक्षित. १८४८ मध्ये याच गोऱ्ह्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी आपल्याच जुन्या भूमिकेची उलटतपासणी केली. जन्मांची मालिका अनादि मानली की पहिल्या दुःखाचे कारण सापडत नाही. प्रश्न फक्त मागे मागे ढकलला जातो. आणि ज्या अपराधाची आठवणही उरलेली नाही, त्याची शिक्षा भोगणाऱ्याला सुधारणार कशी?

९/ गोऱ्ह्यांनी एक उत्तर टाकून दुसरे घेतले आणि प्रश्न मिटला, असा याचा अर्थ लावू नये. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. १८७० मध्ये ते अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. या दीर्घ प्रवासात त्यांच्या लेखनाने एका मराठी विदुषीच्या निर्णयाला मात्र बळ दिले. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

१०/ रमाबाईंना हा प्रश्न ग्रंथात भेटला नव्हता. त्यांनी तो उपाशीपोटी सोसला होता. १८७० च्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे कुटुंब तीर्थाटन करीत होते. व्रते, स्नाने, दानधर्म यांत होते नव्हते ते सारे संपले. वडील अनंतशास्त्री डोंगरे जलसमाधी घेण्यास सिद्ध झाले होते. १८७४ मध्ये ते गेले, त्यांच्यामागून आई आणि थोरली बहीण. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

११/ काशीतल्या तरुण गोऱ्ह्यांना कर्मसिद्धान्तात ईश्वराचा न्याय दिसला होता. त्याच न्यायाचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे रमाबाईंनी १८८७ च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकात दाखवले. नवरा मेला तर तो विधवेच्या पूर्वजन्मीच्या पापाने. मग ती विधवा आठ वर्षांची का असेना! ईश्वर निर्दोष ठरतो, पण दोष पोरीच्या कपाळी येतो. अनिष्टाचे प्रत्येक स्पष्टीकरण समाजात उतरले की कोणाच्या तरी अंगावर पडते. धर्मचर्चेच्या इतिहासात हा मुद्दा सहसा निसटतो.

१२/ योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. जन्मांध मनुष्य पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो, पण त्या अंधत्वाचे समाधान होईल असे कारणही देत नाही. ईश्वराचे कार्य प्रकट व्हावे म्हणून, एवढेच म्हणतो आणि त्याला दृष्टी देतो. ख्रिस्ती उत्तराचे बळ आणि उणेपणा दोन्ही येथे आहेत. पीडितावरचा आरोप निघतो, पण ‘का’ शिल्लकच राहतो. शिवाय अनंत नरकाबद्दल गोऱ्ह्यांनी विचारलेला प्रश्नही जागेवरच असतो.

१३/ १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात आल्या. ज्या प्रांतात आपला भंडारा जिल्हा होता, तोच हा प्रांत. येथून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया नेल्या आणि केडगावच्या जमिनीवर त्यांना आसरा दिला. हेच पुढचे मुक्तिसदन. आपण स्वतः उपासमार भोगली आहे, म्हणून या मुलींची दशा आपल्याला कळते, असे त्यांनी त्या वर्षीच्या अनुभवकथनात लिहिले.

१४/ आता ते दोन शब्द. सारे ईश्वराच्या हाती आहे, असे मानणाऱ्या माणसाने सरकारची चूकही ईश्वरेच्छेच्या खात्यावर टाकणे सोपे असते. रमाबाईंनी तसे केले नाही. १८९७ मध्येच पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात आपल्या आश्रमातील मुलीची जी परवड झाली, तिच्याबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून प्रशासनाला जाहीर जाब विचारला. ईश्वराच्या सत्तेवर पूर्ण विश्वास ठेवूनही त्यांनी सुलतानीला अस्मानी म्हटले नाही.

१५/ दुष्काळालाही हीच कसोटी लावावी लागते. पाऊस चुकला हे अस्मानी. पण १९०० मध्ये रमेशचंद्र दत्त यांनी लॉर्ड कर्झनला लिहिलेल्या खुल्या पत्रांत मध्य प्रांतातील जड जमीनमहसुलावर बोट ठेवले आहे. शेतकऱ्याच्या घरी एका वाईट वर्षापुरतेही धान्य का उरले नाही, याचे उत्तर आभाळात शोधून मिळत नाही. ‘देवाची करणी’ हा शब्द इतिहासकाराने जपून वापरायचा तो यासाठी.

१६/ रमाबाईंची अखेरची वर्षे बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरात गेली. त्यात ‘ईयोब’ही आला : मुले, संपत्ती, आरोग्य सारे गमावलेला निरपराध मनुष्य. तुझेच काही पाप असेल, असे सांगणाऱ्या मित्रांना शेवटी ईश्वरच खोटे ठरवतो. मात्र दुःखाचे कारण ईयोबालाही कळत नाही. १९२१ च्या जुलैत रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचे काम त्यांनी सोडले नव्हते.

१७/ गोऱ्ह्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे, आणि तो कोण्या एका धर्मापुरता नाही. भंडाऱ्याच्या जनगणनेतली ती घट मात्र आपल्याला निदान एवढे विचारू देते : यातले अस्मानी किती आणि सुलतानी किती? आपल्या गावातल्या जुन्या माणसांकडे त्या दुष्काळांच्या काही ऐकीव गोष्टी उरल्या असतील, तर खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.