रानातली वाट आणि नकाशावरची रेषा : सूरजागड

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिले. ते काम विदर्भापर्यंत आणताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे ते निवर्तले. त्यांच्या पद्धतीत एका शिखरावरून दुसरे दिसावे लागे.

सूरजागडसारख्या दाट रानात ते दुर्घटच. तेथे उपयोगी पडते ती ट्रॅव्हर्स मोजणी: साखळीने लांबी, होकायंत्राने वा थिओडोलाइटने दिशा, आणि ओढे-कडे चुकवीत एकेक टप्पा.

समजा, मोजणीदार उत्तरेपासून पूर्वेस ३० अंश कलून १० साखळ्या चालला (एक साखळी ६६ फूट), मग थेट पूर्वेस १०. पहिल्या टप्प्याचा उत्तर घटक १० × कोज्या ३०° = ८.६६, पूर्व घटक १० × ज्या ३०° = ५. दुसऱ्याचा फक्त पूर्व घटक, १०. एकूण उत्तर ८.६६, पूर्व १५. पायथागोरसाच्या प्रमेयाने विस्थापन १७.३२ साखळ्या, दिशा उत्तरेपासून पूर्वेस ६० अंश. पायपीट मात्र २० साखळ्यांची! दक्षिण व पश्चिम ऋण धरल्यास, मूळ खुणेशी परतल्यावर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. ही तपासणी साधी, पण निर्दय.

घटकांच्या अशा बेरजांवर हद्दी उभ्या राहतात. २००७ मध्ये सूरजागडच्या डोंगरात ३४८.०९ हेक्टरांचा लोहखनिज पट्टा मंजूर झाला. माडिया लोकांचा ठाकुरदेव याच डोंगरांत आहे. रेषा कितीही अचूक असो, अनेक ग्रामसभांचा आक्षेप आहे तो ती आखण्याच्या अधिकारालाच.